बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?



महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की आपल्या गटात आपोआप दुसरी बैठक सुरू होते. पिशव्यांतून गोळ्यांची पाकिटं बाहेर येतात. ही कशाची, तुला कुणी दिली, मलाही हीच आहे, असं चालतं. अशाच एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझ्या मालकांना लिव्हरचा आजार आहे, बीपी कधीच नव्हतं. मग डॉक्टरांनी बीपीची गोळी का दिली?" पुतण्याने मोबाइलवर गोळीचं नाव टाकून पाहिलं होतं आणि ती रक्तदाबाची निघाली होती. डॉक्टरांची चूक झाली असेल असं समजून घरच्यांनी ती बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. गोळीचं नाव होतं प्रोप्रॅनोलॉल.

चूक झालेली नव्हती. पण गोळी बाजूला ठेवली असती तर मोठा घोटाळा झाला असता. तो कसा, हे कळायला या गोळीचा इतिहास ऐकायला हवा. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. गोळ्यांचा इतिहास कुणी शिकवला नाही. पण हा इतिहासही लढायांपेक्षा कमी नाही, आणि तो आपल्या घरातल्या फळीवरच ठेवलेला असतो.

सुरुवात करू या स्कॉटलंडपासून. 1924 साली तिथे जेम्स ब्लॅक नावाचा मुलगा जन्मला. तो डॉक्टर झाला, पण शिकताना डोक्यावर कर्ज झालं. ते फेडायला तो थेट सिंगापूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला गेला. कर्जाचा हप्ता कुणाला चुकलाय! परत आल्यावर तो ग्लासगोला जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवू लागला. त्याचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते. त्या काळचे डॉक्टर म्हणत, रक्त वाढवा, रक्तवाहिन्या रुंद करा. ब्लॅकने प्रश्न उलटा केला. चढावर बैल दमला तर त्याला तिथेच जास्त वैरण घालून काय उपयोग? गाडीतलं ओझं कमी करा. म्हणजे हृदयाला लागणारं रक्त वाढवण्याऐवजी हृदयाची धावपळच कमी करायची.

ही धावपळ वाढवतं कोण? मूल विहिरीत डोकावताना दिसलं की आपल्या छातीत एकदम धडधड सुरू होते. ते काम ॲड्रेनॅलिन नावाच्या शरीरातल्याच रसाचं. अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट या शास्त्रज्ञाने 1948 साली मांडलं होतं, की हा रस चावीसारखा आहे आणि शरीरात त्याची कुलपं दोन प्रकारची आहेत. एकाला त्याने अल्फा म्हटलं, दुसऱ्याला बीटा. हृदयावर बीटा कुलपं असतात. सुरुवातीला अल्क्विस्टचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ब्लॅकने घेतलं. त्याला अशी चावी हवी होती, जी बीटा कुलपात बसेल पण फिरणार नाही. ती आत अडकून राहिली की खऱ्या चावीला शिरायला जागा नाही.

1958 साली तो इंग्लंडमधल्या आय.सी.आय. या मोठ्या कंपनीत गेला. पहिली चावी तयार झाली, तिचं नाव प्रोनेथॅलॉल. पण तिने उंदरांमध्ये गाठी झाल्या, म्हणून ती मागे पडली. दुसरी चावी म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. 1964-65 च्या सुमारास ती वापरात आली, छातीच्या कळेसाठी. लक्षात घ्या, बीपीसाठी नाही.

बीपीचं श्रेय लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड या डॉक्टरांना. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना ही औषधं देताना त्यांना दिसलं, की हळूहळू रक्तदाबही उतरतोय. 1964 सालीच त्यांनी ते छापलं. बऱ्याच जाणकारांनी मान हलवली. हृदय मंद करून रक्तदाब कसा उतरेल, असं त्यांचं म्हणणं. पण तो उतरत होता, आणि पुढे जगभर ही गोळी बीपीची गोळी म्हणून ओळखली जाऊ लागली. बीपीवर त्याआधी फार चांगली औषधं नव्हती. जी होती त्यांतल्या एकाचा मान आपल्या मुंबईकडे जातो, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवर होणारा परिणाम नीट तपासून 1949 साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात लेख लिहिला आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. असो. ब्लॅकना 1988 साली नोबेल मिळालं.

आता यकृताकडे, म्हणजे लिव्हरकडे, येऊ. इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी गोम इथेच आहे.

आपण खाल्लेलं आतड्यात पचतं. पण आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. आतडी, जठर आणि पाणथरी यांचं रक्त एका मोठ्या शिरेत जमा होतं आणि आधी यकृतात जातं. यकृत ते निवडतं, पाखडतं, घातक ते बाजूला काढतं आणि मग पुढे सोडतं. घरात आलेलं धान्य आपण सुपात घेतल्याशिवाय डब्यात भरत नाही, तसंच. निरोगी यकृत मऊ असतं, रक्त त्यातून सहज झिरपतं. पण वर्षानुवर्षं त्याला इजा होत राहिली की आत वण पडत जातात, ते कडक आणि गाठीगाठींचं होतं. याला सिरॉसिस म्हणतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. सिरॉसिस म्हटलं की गावात एकच शब्द निघतो, दारू. दारूने होतो हे खरंच आहे, आणि आपल्यातल्या किती घरांनी ते भोगलंय हे मी वेगळं सांगायला नको. पण काविळीच्या ब आणि क प्रकारच्या विषाणूंनीही तो होतो. यकृतात चरबी साचूनही होतो. साखरेचा आजार आणि वाढलेलं वजन असेल तर जास्तच. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या बाईलाही सिरॉसिस होतो, आणि मग तिच्याकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. आजाराचं दुःख कमी म्हणून वर हा डाग. बाळ जन्मल्यावर पहिल्या 24 तासांत सरकारी दवाखान्यात देतात ती ब काविळीची लस याच आजाराचं एक दार लावून घेते.

तर यकृत कडक झालं. आता पाटाचं पाणी वाफ्यात शिरेनासं झालं तर काय होतं? मागे तुंबतं आणि जिथे बांध कच्चा असेल तिथून वाट काढतं. यकृताकडे येणारं रक्त तसंच तुंबतं. त्या मोठ्या शिरेतला दाब वाढतो. पाणथरी सुजते. पोटात पाणी साठतं, त्याला आपण जलोदर म्हणतो. आणि रक्त आडवाटा शोधतं. सर्वांत वाईट आडवाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असते. तिथल्या बारीक शिरा फुगतात, पायावरच्या निळ्या शिरांसारख्या. आणि एक दिवस त्यांतली एखादी फुटते. माणूस रक्ताची उलटी करतो, किंवा डांबरासारखी काळी शौचाला होते. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वर्णन नको.

म्हणजे बघा, दाब दोन आहेत. दंडाला पट्टा बांधून आशाताई किंवा नर्सताई मोजतात तो एक. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दुसरा. पहिला अगदी ठीक असताना, उलट कमी असतानाही, दुसरा भयंकर वाढलेला असू शकतो. दंडाच्या पट्ट्यावर तो दिसतच नाही.

या दुसऱ्या दाबावर पूर्वी औषध नव्हतं. होते ते सुतारकामासारखे उपाय. 1877 साली रशियात निकोलाय एक या सर्जनने कुत्र्यांवर प्रयोग करून ती मोठी शीर यकृताला वळसा घालून दुसऱ्या शिरेला जोडली. पुढे माणसांतही तसं करू लागले. दाब उतरायचा. पण धान्य न पाखडता थेट डब्यात गेलं, तर खडे दाताखाली येणारच. न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत गेलं की माणसं भ्रमिष्टासारखी वागत, गुंगीत जात. 1950 साली एक रबरी नळी आली. ती नाकातून आत घालून तिचे फुगे फुगवायचे आणि फुटलेली शीर आतून दाबून धरायची. जीव वाचायचा, पण फुगा कायमचा ठेवता येत नाही. शिवाय हे सगळं मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातलं. घरी नेता येईल असं काहीच नव्हतं.

पॅरिसजवळ क्लिशी इथे बोजाँ नावाचं रुग्णालय आहे. तिथले डिडिए लब्रेक आणि त्यांचे सहकारी एका गोष्टीकडे बघत होते. सिरॉसिसच्या रुग्णांचं हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फेकतं, आणि आतड्यांकडे जाणारा ओघ वाढलेला असतो. पाटाचं तोंड बुजलंय आणि वरून पाणी मात्र जास्त सुटतंय. तोंड मोकळं करता येत नसेल, तर वरचं पाणी तरी कमी करू या. आणि हृदयाची धावपळ कमी करणारी गोळी तर हाताशी तयार होती. ब्लॅकने बैलाचं ओझं कमी केलं, लब्रेकने पाटाचं पाणी. गोळी तीच. प्रोप्रॅनोलॉल दोन ठिकाणी काम करते. हृदयाचे ठोके मंद करते, आणि आतड्यांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जरा आवळते. म्हणून बीपीची कोणतीही गोळी इथे चालत नाही. ॲटेनोलॉलसारखी गोळी मुख्यतः हृदयावरच काम करते, तिचा इथे तितका उपयोग होत नाही. "बीपीचीच ना, मग शेजारणीची घे," असं आपण म्हणतो तेव्हा हे आठवावं.

1980 साली त्यांनी लॅन्सेट या मासिकात छोटा लेख दिला. मथळ्यातच प्रश्नचिन्ह होतं: प्रोप्रॅनोलॉल हा या दाबावर औषधी उपाय ठरेल का? मला ते प्रश्नचिन्ह फार आवडलं. पुढच्या वर्षी, 1981 मध्ये, उत्तर आलं. आधी रक्तस्राव होऊन वाचलेले 74 रुग्ण त्यांनी घेतले. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. 38 जणांना खरी गोळी, 36 जणांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. गोळीचं प्रमाण नाडी बघून ठरवायचं, ठोके चौथ्या भागाने कमी होईपर्यंत. वर्षाअखेरीस खरी गोळी घेणाऱ्या गटात शंभरातले 96 जण पुन्हा रक्तस्राव न होता राहिले. नुसत्या गोळीच्या गटात 50.

इतका फरक! कोणीही पेढे वाटले असते. पण शास्त्रात शेजारचा माणूस पेढा खाण्याआधी हिशेबवही मागतो, आपल्या गटाच्या लेखापरीक्षणासारखा. इथे वही मागणाऱ्यांत एक बाई होत्या, आणि त्यांची ओळख करून दिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

शीला शेरलॉक. जन्म 1918, डब्लिनचा. डॉक्टर व्हायचं होतं, पण मुलगी म्हणून एकामागून एका महाविद्यालयाने नाकारलं. एडिंबरोने घेतलं आणि तिथून त्या 1941 साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडल्या. सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासायची पद्धत त्यांनी लढाईच्या काळात वापरून आजार समजून घेतला. 1955 साली यकृताच्या आजारांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. 1959 साली त्या ब्रिटनमधल्या वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या, लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात. यकृताचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा झाली त्यात त्यांचा वाटा फार मोठा.

त्यांच्या रुग्णालयात अँड्र्यू बरोज आणि शेरलॉक यांच्या चमूने तोच प्रयोग 48 रुग्णांवर करून पाहिला. 1983 साली निकाल छापला: फरक नाही. गोळी घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना पुन्हा रक्तस्राव जवळपास सारखाच झाला.

आता खरं कोण? दोघंही. फ्रान्सचे रुग्ण त्या मानाने बऱ्या तब्येतीचे होते, लंडनचे जास्त खंगलेले. मग अजून बऱ्याच ठिकाणी प्रयोग झाले. 1987 साली फ्रान्समध्येच 230 अशा रुग्णांवर पाहिलं, ज्यांच्या शिरा फुगलेल्या होत्या पण एकदाही फुटल्या नव्हत्या. त्यांच्यातही गोळीने रक्तस्राव कमी झाला. एकेक करून पुरावा जमत गेला आणि स्वस्तातली ही गोळी जगभर यकृताच्या रुग्णांच्या हातात आली. दवाखान्यात न राहता, घरी पाण्याबरोबर घेता येणारा उपाय. गावाकडच्या माणसाला याचं मोल काय ते शहरातल्याला कळायचं नाही.

पण मग जे नेहमी होतं तेच झालं. चांगली आहे ना, मग सगळ्यांनाच द्या! ज्यांच्या शिरा अजून फुगल्याच नाहीत त्यांनाही आधीपासून द्यावी का? टिमोलॉल नावाची याच जातीची गोळी 213 जणांवर तपासली गेली. 2005 साली निकाल आला: फुगायच्या त्या शिरा फुगल्याच, आणि गोळीचा त्रास मात्र जास्त झाला. आणि 2010 साली बोजाँ रुग्णालयातूनच एक लेख आला. पोटातलं पाणी कोणत्याच औषधाला दाद देत नाही आणि सुईने काढावं लागतं, अशा 151 रुग्णांचा तो अभ्यास. त्यांत प्रोप्रॅनोलॉल घेणारे सरासरी 5 महिने जगले होते, न घेणारे 20 महिने. लेखाच्या लेखकांमध्ये एक नाव होतं डिडिए लब्रेक.

तीस वर्षांपूर्वी ज्याने गोळी पुढे आणली, त्यानेच इथे ती घातक ठरू शकते असं लिहून दिलं. आपण लावलेल्या झाडाची फांदी स्वतः तोडायला धाडस लागतं. यावरही वाद झाला. या प्रयोगात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. गोळी घेणाऱ्या सगळ्यांच्या शिरा फुगलेल्या होत्या, न घेणाऱ्यांत तसे अगदी थोडे होते. म्हणजे गोळीवाले मुळातच जास्त आजारी. हा आक्षेप मला पटतो. तरी डॉक्टर सावध झाले हे बरंच झालं. थकलेलं शरीर हृदयाच्या वाढलेल्या ठोक्यांवरच तग धरून असेल, तर ते ठोके कमी करणं म्हणजे त्याचा आधार काढणं.

मग 2019 साली स्पेनमधल्या 8 रुग्णालयांचा निकाल आला. सिरॉसिस आहे, त्या शिरेतला दाब वाढलाय, पण अजून पोटात पाणी नाही, रक्तस्राव नाही, असे 201 रुग्ण. काहींना प्रोप्रॅनोलॉल किंवा त्याच जातीचं कार्व्हेडिलॉल, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. तीन वर्षांच्या आसपास पाहिलं. औषध न मिळालेल्यांत 101 पैकी 27 जणांची तब्येत बिघडली किंवा ते गेले, औषध घेणाऱ्यांत 100 पैकी 16. आणि फरक मुख्यतः कशात, तर पोटात पाणी होण्यात. ज्या गोळीने पाण्याने फुगलेल्या रुग्णाचं नुकसान होऊ शकतं, तीच आधी दिली तर मुळात पाणी होण्यापासून वाचवू शकते. वेळ महत्त्वाची.

या आजाराचे तज्ज्ञ 1990 साली इटलीतल्या बावेनो गावी जमले होते. तेव्हापासून काही वर्षांनी ते असे एकत्र बसतात आणि जुना ठराव नव्या पुराव्यावर घासून बघतात. सातवी बैठक 2021 साली झाली. तिथे ठरलं, की यकृताच्या वाढलेल्या दाबासाठी या जातीच्या गोळ्यांत कार्व्हेडिलॉलला पहिली पसंती द्यावी. आणि जलोदराच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब 90 च्या खाली टिकून राहिला तर गोळी कमी करावी किंवा थांबवावी.

थांबवावी, पण डॉक्टरांनी. आपण घरी पाकीट बाजूला ठेवायचं नाही, कारण गोळी गेली की दाबलेला दाब परत वर येतो आणि शिरा पुन्हा ताणतात. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे त्यांनी दवाखान्याच्या कागदांबरोबर एक वही ठेवा. आशाताईंकडून बीपी आणि नाडी मोजून तारखेसह लिहा. लघवी कमी झाली, चक्कर येते, पोट वाढतंय, बोलणं असंबद्ध होतंय, तर त्याच दिवशी दाखवा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट 108 ला फोन. घरात कुणाला दमा असेल आणि ही गोळी लिहून दिली, तर दम्याचं आधी सांगा, कारण प्रोप्रॅनोलॉलने दम्याचा झटका येऊ शकतो. साखरेवर औषध चालू असेल तर तेही सांगा; साखर एकदम उतरली की जी धडधड आपल्याला सावध करते, तीच ही गोळी झाकून टाकते.

आणि डॉक्टरांना बेलाशक विचारा, "ही गोळी यांना कशासाठी दिलीय?" त्या ताईंनी पुढच्या तारखेला तेच विचारलं. डॉक्टरांनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं, एक यकृत आणि त्याकडे जाणारी एक जाड रेघ. तो कागद त्यांनी बैठकीत आणला होता आणि पाटाचं उदाहरण खरं तर मला त्यांनीच दिलं.